आपल्या नावाची वही

आमच्या गावातल्या किराणा दुकानात गल्ल्याच्या मागे खिळ्याला दोरीने अडकवलेली एक लांबोडकी तांबडी वही असे. उधारीची वही. अण्णांचा कारखान्यातला पगार झाला की ते मला बोटाला धरून दुकानात नेत. दुकानदारकाका वही खाली काढीत, आमचे पान उघडीत आणि ती वही अण्णांच्या पुढे सरकवीत. अण्णा प्रत्येक ओळीवरून बोट फिरवीत. 'हे तेल आम्ही नेलेलं नाही,' असे ते म्हणाले की काका क्षणभर डोके खाजवीत आणि ती ओळ खोडून टाकीत. एखाद्या महिन्यात कारखान्याचा पगारच लांबला तर काका स्वतःहून म्हणत, 'अण्णा, कारखान्याचं काय चाललंय ते मला ठाऊक आहे. सावकाश द्या.' पत म्हणजे काय याचा माझा पहिला धडा मी त्या दुकानाच्या पायरीवर गिरवला.

त्याच अण्णांचे नाव २०२४ च्या जून महिन्यात एका बँकेच्या संगणकावर थकबाकीदार म्हणून उमटले. धाकट्या बहिणीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. फीसाठी साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज हवे होते आणि सहकर्जदार म्हणून अण्णांची सही लागणार होती. कागदपत्रे पाहून झाल्यावर साहेब नम्रपणे म्हणाले, 'तुमचं सिबिल खराब आहे. कर्ज होणार नाही.' अण्णांनी विचारले, 'सिबिल म्हणजे काय?' ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला स्वतःच्या बेअब्रूचे नावसुद्धा दुसऱ्याला विचारावे लागले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. वार्षिकात लिहावे तर यावरच, असे तेव्हाच ठरवले होते.

झाले होते ते असे. २०१७ साली एस.टी. स्टँडवर एक तरुण मुलगा टेबल मांडून बसला होता. फॉर्मवर सही केली की प्रवासाची बॅग फुकट मिळत होती. अण्णांनी सही केली. पंधरा-वीस दिवसांनी टपालाने एक क्रेडिट कार्ड आले. 'आपल्याला काय करायचंय,' असे म्हणून त्यांनी ते पाकिटासकट कपाटात टाकले. त्या कार्डावर त्यांनी कधी एक पैशाचीही खरेदी केली नाही. पण कार्डाला वार्षिक शुल्क होते. पाचशे रुपये आणि त्यावरचा कर. ते भरले गेले नाही म्हणून विलंबशुल्क लागले, विलंबशुल्कावर व्याज लागले, व्याजावर पुन्हा कर लागला. दरम्यान आम्ही कारखान्याची खोली सोडून गावी आलो होतो आणि अण्णांचा मोबाइल क्रमांकही बदलला होता. बँकेची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली. दोन वर्षांत आकडा सात हजारांच्या पुढे गेला आणि बँकेने तो आपल्या पुस्तकात 'राइट-ऑफ' म्हणजे बुडीत म्हणून दाखवला. या साऱ्याची आम्हांला वार्ता नव्हती. मात्र ती वार्ता महिन्यामागून महिना दुसऱ्या एका ठिकाणी बिनचूक पोहोचत होती.

ते दुसरे ठिकाण कोणते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एका अभ्यासगटाच्या शिफारशीनंतर २००० साली आपल्या देशात सिबिल ही संस्था स्थापन झाली. २००५ मध्ये संसदेने पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा केला. आज सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. 'सिबिल' हे त्यांपैकी एकीचे नाव, पण ते आता सगळ्यांचेच नाव होऊन बसले आहे. या कंपन्या स्वतः कर्ज देत नाहीत आणि कर्ज नाकारीतही नाहीत. त्या फक्त वही ठेवतात. बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपापल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांच्याकडे पाठवतात. २०१५ पासून प्रत्येक कर्जसंस्थेला चारही कंपन्यांचे सभासद व्हावे लागते. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला पाठवण्याचा नियम आला आणि हे अंतर आणखी कमी करण्याकडेच रिझर्व्ह बँकेचा कल आहे.

या वहीत लिहितात तरी काय? क्रेडिट कार्डापुरते बोलायचे तर कार्ड कधी दिले, मर्यादा किती, बाकी किती, थकबाकी किती, आणि प्रत्येक महिन्यात देय तारखेनंतर किती दिवस उलटले. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गेल्या ३६ महिन्यांचे आकडे त्यात ओळीने दिसतात. तीन शून्ये म्हणजे वेळेवर भरले. ०३०, ०६०, ०९० म्हणजे तितके दिवस उशीर. याशिवाय कोणकोणत्या बँकांनी तुमची चौकशी केली तेही नोंदलेले असते. या साऱ्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक गुणांक काढला जातो. तुम्ही दुकानातून पुस्तके घेतलीत की दागिने, हे त्या वहीत नसते. तुमचा बचत खात्यातला शिल्लक पैसा त्यात नसतो. आणि तुम्ही का चुकलात, याला तर त्यात जागाच नसते.

काही गोष्टी आपल्या वयाच्या मुलामुलींनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक गोंडस आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला तर वहीत उशिराची नोंद होत नाही हे खरे, परंतु उरलेल्या रकमेवर व्याज चालू होते. अनेक कार्डांवर ते महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असते. वर्षाचा हिशेब करून पाहा, गावच्या सावकाराला आपण उगाच नावे ठेवतो असे वाटेल. दुसरे असे की कंपनीकडे बहुधा बिलाच्या दिवशीची बाकी कळवली जाते. पन्नास हजारांची मर्यादा असलेल्या कार्डावर चाळीस हजारांचे बिल झाले आणि ते तुम्ही मुदतीत पूर्ण भरले, तरी वहीत चाळीस हजार दिसू शकतात. मर्यादेचा फार मोठा भाग वापरणारा माणूस अडचणीत आहे, असा अर्थ गुणांक काढणारे यंत्र लावते. तिसरे म्हणजे वडिलांच्या कार्डाला जोडून घेतलेले कार्ड तुम्ही वापरता तेव्हा बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. तुमच्या हौसेचा डाग वडिलांच्या नावावर पडतो. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारे दोन हजारांचे कर्जही कर्जच असते आणि त्याचीही नोंद होते. आणि थकबाकी तडजोडीने कमी रकमेत मिटवली तर खाते बंद होते, पण वहीत 'सेटल्ड' हा शेरा राहतो. 'पूर्ण फेडले' आणि 'तडजोड केली' यांतला फरक पुढची बँक बरोबर ओळखते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ही व्यवस्थाच दुष्ट आहे. मला तसे वाटत नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांशी या विषयावर वाद घालताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला, 'तुझ्या दुकानदारकाकांनी गावात सगळ्यांनाच उधार दिलं का रे?' मी निरुत्तर झालो. कारण दिले नव्हते. काकांची वही माणुसकीची होती, पण ती ओळखीच्या माणसांपुरती होती. वस्तीच्या पलीकडच्या कडेला राहणाऱ्यांना रोखीनेच माल न्यावा लागे, हे मी लहानपणी पाहिलेले आहे आणि त्याचे कारण त्यांच्या देण्याघेण्यात नव्हते, आडनावात होते. संगणकाच्या वहीला आडनाव वाचता येत नाही. महिन्याच्या महिन्याला बिल भरणारी शिवणकाम करणारी बाई आणि बंगलेवाला यांना ती एकाच मापाने मोजते. शिवाय पूर्वी एका बँकेला बुडवून दुसऱ्या बँकेच्या दारात उजळ माथ्याने उभे राहणे सोपे होते. त्या बुडवणाऱ्यांच्या चुकीची किंमत शेवटी प्रामाणिक कर्जदारच जास्त व्याज देऊन भरीत. तेव्हा वही नको, असे म्हणणे मला पटत नाही.

अमेरिकेतला इतिहासही हेच सांगतो. आजची इक्विफॅक्स १८९९ मध्ये अटलांटा शहरात रिटेल क्रेडिट कंपनी या नावाने सुरू झाली. तिचे तपासनीस शेजारीपाजारी विचारपूस करून माणसाचे दारूचे व्यसन, घरातली भांडणे, चारित्र्याविषयीच्या कंड्या असे सारे कागदावर उतरवीत, आणि ज्याच्याविषयी हे लिहिले त्याला तो कागद पाहायला मिळत नसे. लोकांच्या संतापाचा परिणाम म्हणून १९७० साली तिथे कायदा झाला. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा आणि चुकीच्या नोंदीला आव्हान देण्याचा हक्क माणसाला मिळाला. माझ्या मते प्रश्नाचे मर्म इथे आहे. वही असावी की नसावी, यापेक्षा ज्याच्या नावाची ती वही आहे त्याला ती वाचता येते का, हे महत्त्वाचे.

आणि हे मर्म शिकायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आपण ते वाचतो. त्या जमावाने प्रामुख्याने मागितले ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या, आणि त्या हाती येताच जाळल्या. का? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. अंगठा त्याचा होता आणि अक्षर सावकाराचे. पुढे सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावी अशा तरतुदी आल्या. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. अण्णा शिकलेले आहेत, वर्तमानपत्र रोज वाचतात. तरीही एस.टी. स्टँडवर त्यांनी जी सही केली, ती त्या अंगठ्याहून कितीशी निराळी होती?

आता कायद्याने आपल्याला काय दिले आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम आहे. अहवालातली चूक दाखवून दिली तर ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांविषयी जे निर्देश काढले त्यांत कार्ड चालू करण्याआधी त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवू नये, देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याखेरीज थकबाकी कळवू नये, आणि कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी सात दिवसांची सूचना द्यावी, असे सांगितले. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पुरी केली नाही तर, ग्राहकाकडे बाकी नसल्यास, दिवसाला ५०० रुपये दंड ठेवला. हे सारे चांगलेच आहे. अण्णांच्या बाबतीत ते पाच वर्षे उशिरा आले, एवढेच.

आम्ही काय केले तेही सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. प्रथम चारही कंपन्यांचे अहवाल मागवले. त्यांपैकी तिघांत ते कार्ड दिसले. मग बँकेला आणि कंपन्यांना लेखी तक्रार केली, कार्डावर एकही खरेदी नाही हे दाखवून दिले, पाकिटातल्या न वापरलेल्या कार्डाचे छायाचित्र जोडले. बँकेच्या सेवा केंद्रातून दर वेळी नवा आवाज येई आणि अण्णांना पहिल्यापासून सारी कथा सांगावी लागे. एक जण म्हणाला, 'सात हजार भरून टाका ना काका, लगेच काम होईल.' अण्णा म्हणाले, 'भरले तर मी घेतले होते असं होईल.' ३० दिवस उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवली. अखेर नोव्हेंबरमध्ये बँकेचे पत्र आले. कार्डावर व्यवहार आढळला नाही, सर्व शुल्क मागे घेत आहोत, नोंद दुरुस्त करण्यास कळवले आहे. पत्र चार ओळींचे होते.

तोवर प्रवेशाची मुदत संपून गेली होती. धाकटीने ते वर्ष तालुक्याच्या एका औषधाच्या दुकानात काम करून काढले आणि पुढच्या वर्षी तिला कर्जही मिळाले आणि प्रवेशही. २०२४ च्या एप्रिलअखेरीपासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे ३० दिवसांच्या पुढे तक्रार रेंगाळली तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती अण्णांच्या खात्यात जमा झाली. पासबुकातला तो आकडा पाहून अण्णा एवढेच म्हणाले, 'दिवसाचे शंभर. आणि पोरीच्या वर्षाचे?'

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यातून माझे म्हणणे मात्र तयार झाले आहे, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिले म्हणजे, नोंद करणाऱ्याने आधी विचारावे. सात दिवसांची सूचना ही जुन्या पत्त्यावर टाकलेल्या पत्राने किंवा इंग्रजीतल्या चार शब्दांच्या संदेशाने पुरी झाली असे मानू नये. सूचना माणसाला कळेल अशा भाषेत जावी आणि ती पोहोचली याची खातरजमा व्हावी. हजार-पाचशेच्या शुल्कासाठी एखाद्याचे नाव वर्षानुवर्षे काळे करण्याआधी एवढा त्रास घेणे जड नाही. ज्या कार्डावर एकही खरेदी नाही, त्याचे केवळ शुल्क थकले म्हणून त्याला कर्जबुडव्याच्या रांगेत बसवणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. न घेतलेल्या कर्जाची थकबाकी कसली?

दुसरे, वहीत कारणाला जागा असावी. अमेरिकेच्या त्या कायद्यात वादग्रस्त नोंदीखाली ग्राहकाला आपले म्हणणे थोडक्यात जोडता येते, कंपनीने मदत केली तर त्याला १०० शब्दांची मर्यादा घालता येते. शंभर शब्द थोडे नव्हेत. 'गिरणीला टाळे लागले होते', 'घरात आजारपण होते', 'हे कार्ड मी वापरलेच नाही' हे सांगायला दहासुद्धा पुरतात. आपल्याकडच्या अहवालातही कर्जदाराच्या शब्दांना अशी हक्काची आणि ठळक जागा मिळावी, आणि कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने ते शब्द वाचूनच निर्णय द्यावा. यंत्राला आडनाव कळत नाही हा त्याचा गुण आहे. त्याला कारण कळत नाही, हे न्यून मात्र माणसानेच भरून काढले पाहिजे.

तिसरे म्हणणे आपल्याविषयी, म्हणजे या महाविद्यालयाविषयी. आपण इथे तीन वर्षांत अर्थशास्त्राचे सिद्धान्त शिकतो, दख्खनच्या दंग्यांवर टिपा लिहितो, आणि पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा स्वतःच्या नावाची वही कुठे ठेवली आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नसते. पुष्कळांच्या नावाची वही अजून उघडलेलीच नसेल, पण घरातल्या वडीलधाऱ्यांची असेल. माझी प्राध्यापकांना विनंती आहे की तृतीय वर्षाच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस असा ठेवावा की ज्या दिवशी प्रत्येकाने आपला किंवा आईवडिलांचा, त्यांच्या संमतीने, फुकट मिळणारा अहवाल मागवून वाचायला शिकावे. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, पॅन क्रमांक बरोबर आहे का ते पाहावे. आपल्याकडे एका गावात एकाच नावाची तीन माणसे सहज सापडतात, एकाची नोंद दुसऱ्याच्या पानावर जाऊ शकते. न वापरलेले कार्ड असेल तर लेखी अर्ज देऊन बंद करावे आणि ते बंद झाल्याची नोंद पुढच्या अहवालात आली का ते तपासावे. यात अवघड काहीच नाही. अण्णा प्रत्येक ओळीवरून बोट फिरवीत, तेवढेच करायचे आहे.

परवा सुट्टीत गावी गेलो होतो. दुकानदारकाका आता थकले आहेत, दुकान मुलगा पाहतो, उधारी बंद झाली आहे. ती तांबडी वही मात्र अजून खिळ्याला आहे. मी काकांना म्हटले, 'आमचं पान दाखवा बरं.' त्यांनी हसून वही माझ्यापुढे सरकवली.